मदत हवी आहे: यांकीजच्या मायनर लीगमधला इनफिल्डर निवडायचाय, शुक्रवारपर्यंत

ब्रिजवॉटरकर
मंडळी, पटकन सांगा. शुक्रवारी रात्री आठला ड्राफ्ट आहे आणि माझ्याकडे एकच जागा उरलीय. यांकीजच्या (न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ) खालच्या, म्हणजे मायनर लीगच्या संघांतला इनफिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक) हवाय. जॉर्ज लोम्बार्ड ज्युनियर, डॅक्स किल्बी की रॉडरिक आरियास? लोम्बार्डला इथे ब्रिजवॉटरला, समरसेट या यांकीजच्या डबल-ए संघाच्या मैदानावर चार-पाचदा पाहिलाय. पोरगा आवडतो, पण २०२५ ची डबल-एमधली (पायऱ्या खालून वर: लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए) ०.२१५ च्या आसपासची फलंदाजीची सरासरी बघून पोटात गोळा येतो. मागच्या वर्षी एकाचे ट्रिपल-एचे आकडे बघून भाळलो आणि तोंडावर आपटलो, म्हणून विचारतोय. बेसबॉलपेक्षा क्रिकेट कसं भारी वगैरे नको. नाव सांगा, कारण सांगा.

खडूस_कोथरूड
ड्राफ्ट कसला? फँटसी लीग आहे असं धरतो. किती जणांची? दरवर्षी संघ नवा की खेळाडू तेच ठेवायची डायनेस्टी? गुण कशाचे मिळतात? हे न सांगता "नाव सांगा" म्हणजे डॉक्टरला फोन करून "गोळी सांगा" म्हटल्यासारखं आहे.

ब्रिजवॉटरकर
डायनेस्टी, १२ जण, ऑफिसातले. गुण नेहमीसारखेच. आता सांगा.

आजोबा_एडिसन
क्रिकेट नको म्हणालात तरी एकच सांगतो. २०१६ मध्ये कल्याणच्या शाळकरी पोराने एका डावात नाबाद १००९ केल्या. एवढी मोठी बातमी झाली, पण पुढे काय? आकडा कुठल्या मैदानावर आणि कुणासमोर निघाला ते बघायचं असतं. तुमच्या मायनर लीगचंही तेच असणार.

सीमारेषा
आजोबा, अगदी मुद्द्याचं बोललात. ब्रिजवॉटरकर, तुम्ही भाळलात तो खेळाडू ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमधला होता ना? अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर आहे, रीनोही उंचावर. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल नीट वळत नाही. तिथले २५ होमरन इतरत्र १५ सुद्धा निघत नाहीत कधी कधी. याउलट यांकीजचा लो-ए संघ टॅम्पा ज्या फ्लोरिडाच्या लीगमध्ये आहे तिथे फलंदाज रडकुंडीला येतात.

ब्रिजवॉटरकर
हो, रीनोचाच होता 🤦 पण तिघांपैकी कोण?

खडूस_कोथरूड
सरासरी बाजूला ठेवा, वय बघा. लोम्बार्ड जून २०२५ मध्ये २० चा झाला आणि जवळजवळ सगळा हंगाम डबल-एमध्ये खेळला. समोरचे बहुतेक गोलंदाज कॉलेज करून आलेले, २३-२४ चे. हंगामाच्या सुरुवातीला हाय-एमध्ये, हडसन व्हॅलीला, तो ०.३०० च्या वर मारत होता. म्हणून तर वर चढवला. पोराला दोन इयत्ता पुढे बसवलंय, गणितात ६० पडले म्हणून रडायचं नसतं.

तात्या_स्लिप
आणि बघायचं असेल तर फलंदाजी नका बघू, पाय बघा. मी मुलीच्या सॉफ्टबॉलमुळे हे शिकलो. सामन्याच्या आधी इनफिल्डचा सराव चालतो तेव्हा तिसऱ्या बेसच्या बाजूला जाऊन बसा, हॉटडॉगच्या रांगेत नंतर लागा. चेंडू बॅटला लागायच्या क्षणी चांगला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आधीच हलकी उडी मारून पायांवर उतरलेला असतो. वाईट असतो तो टाचांवर. मग तिसऱ्या बेसच्या बाजूला खोल गेलेला चेंडू बॅकहँडने उचलून फेकताना एक जादा पाऊल टाकतो का, ते बघा. ते एक पाऊल म्हणजे वर गेल्यावर धावणारा सुरक्षित. गेल्या जूनमध्ये एक पोरगा पाहिला (नाव नाही सांगत), स्कोअरबोर्डवर त्याची एकही चूक नव्हती, पण दोन चेंडूंपर्यंत तो पोचलाच नाही. न पोचलेल्या चेंडूची चूक कुणी लिहीत नाही.

खडूस_कोथरूड
तात्या, पाय बघून फँटसीत गुण मिळत नाहीत.

तात्या_स्लिप
मिळतात. हात-पाय कमी पडले की शॉर्टस्टॉपवरून दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या बेसवर सरकवतात, अजून कमी पडले तर पहिल्यावर. जसजसं सरकाल तसतशी बॅट जास्त लागते. शॉर्टस्टॉपला १५ होमरनवर पोट भरतं, पहिल्या बेसवाल्याला तेवढ्यावर कुणी उभं करत नाही. म्हणजे पोराला रोज खेळवणार की नाही हेच ग्लोव्हवर ठरतं. स्काउट लोक २० ते ८० च्या मापात गुण देतात, ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण. नुसती बॅट ५० ची आणि ग्लोव्ह ४० चा, असा इनफिल्डर बेंचवर म्हातारा होतो.

मिनल_सिएटल
चुका मोजायच्या तर यांकीजचा दिग्गज शॉर्टस्टॉप डेरेक जीटर कधीच वर आला नसता. १९९३ मध्ये मायनर लीगच्या ग्रीन्सबरोला त्याने एका हंगामात ५६ चुका केल्या होत्या! छप्पन्न. पुढच्याच वर्षी तीन पातळ्या चढला आणि १९९६ मध्ये रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू). खालच्या मैदानांवर माती खडबडीत, पहिल्या बेसवरचाही शिकाऊ, उसळून आलेला थ्रो त्याला झेलता येत नाही, चूक मात्र शॉर्टस्टॉपच्या नावावर.

आजोबा_एडिसन
आपल्याकडचे पण दोघे गेले होते ना? रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. भालाफेकवाले. पायरेट्स या बेसबॉल संघाने घेतलं होतं.

मिनल_सिएटल
आजोबा, ते पिचर (गोलंदाज) होते. आणि रिंकू नंतर कुस्तीच्या टीव्हीवाल्या कंपनीत गेला, वीर महान नावाने.

आजोबा_एडिसन
अरे वा! नातवाला सांगतो. तो ती कुस्ती बघतो, मी ओरडतो त्याच्यावर.

ब्रिजवॉटरकर
धाग्याला परत या हो. आरियासचं काय? जानेवारी २०२२ मध्ये यांकीजनी त्याला ४० लाख डॉलर दिले. एवढे पैसे उगाच देत नाहीत.

सीमारेषा
उगाच नाही, पण आगाऊ. तेव्हा तो १७ चा होता. दोन्ही हातांनी मारणारा शॉर्टस्टॉप, मजबूत हात, वाटण्यासारखंच होतं. मात्र २०२४ मध्ये टॅम्पाला त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) फार झाले, तेही लो-एच्या गोलंदाजांसमोर. तिथे जो चेंडू चुकतो तो वर गेल्यावर दिसतसुद्धा नाही. बोनसचा आकडा पहिल्या दोन वर्षांपुरता बघायचा, नंतर विसरायचा.

खडूस_कोथरूड
सहमत. (लिहून ठेवा, सीमारेषाशी मी सहमत.) किल्बी मात्र रंजक आहे. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये ३९ वा, जॉर्जियाच्या हायस्कूलमधून थेट. टॅम्पाला १८ सामने खेळला आणि झकास मारलं. पण १८ सामने म्हणजे चहाचा पहिला घोट. मी असतो तर किल्बी घेऊन तीन वर्षं गप्प बसलो असतो.

ब्रिजवॉटरकर
तीन वर्षं नाही बसता येणार. आमच्याकडे मायनरचा खेळाडू दोन हंगामांत वर आला नाही तर सोडावा लागतो.

खडूस_कोथरूड
हे आत्ता सांगताय???

ब्रिजवॉटरकर
सगळ्याच लीगमध्ये असतं असं वाटलं.

तात्या_स्लिप
कुठेही नसतं, भाऊ.

मिनल_सिएटल
मग किल्बी बाद. तो आत्ताशी शाळेतून आलाय. आता बघायचं वर जागा कधी होते. यांकीजचा शॉर्टस्टॉप व्होल्पी, त्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली. दुसऱ्या बेसवरचा जॅझ चिझम २०२६ च्या हंगामानंतर मोकळा होतो. तिसऱ्या बेसवर मॅकमॅहनचा करार २०२७ पर्यंत. म्हणजे लोम्बार्ड दुसऱ्या किंवा शॉर्टला शिरू शकतो. आणि अजून एक विचारते, "नेहमीसारखे गुण" म्हणजे नक्की काय? सरासरीचे की ऑन-बेसचे (हिट असो वा वॉक, बेसवर पोचण्याचं प्रमाण)?

ब्रिजवॉटरकर
ऑन-बेस. आम्ही दोन वर्षांपूर्वी बदललं.

मिनल_सिएटल
😐

खडूस_कोथरूड
अहो, मग दोन दिवस आम्ही कशावर डोकं फोडतोय? लोम्बार्डचा डबल-एमधला ऑन-बेसचा आकडा त्याच्या फलंदाजीच्या सरासरीपेक्षा ०.१०० हून जास्त वर आहे. वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) भरपूर घेतो. तुमच्या पोटातला गोळा ज्या आकड्यामुळे आलाय तो आकडा तुमच्या लीगमध्ये मोजतच नाहीत!

सीमारेषा
शिवाय वर्षभरात तीसच्या वर बेसच्या चोऱ्या (पिचर चेंडू टाकताना पळून पुढचा बेस गाठणं). होमरन कमी आहेत हे मान्य, दहाच्या आतच. ताकद अंगावर मांस चढलं की येते, चेंडू सोडायची नजर मात्र तिशीत शिकवून येत नाही. व्होल्पीचं आठवा. २०२२ मध्ये याच मैदानावर एप्रिल-मे रडतखडत गेला, लोक म्हणाले संपला. वर्षअखेर डबल आणि ट्रिपल-ए मिळून २१ होमरन, ५० चोऱ्या. पुढच्या वर्षी वर गेला आणि उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह घेतला.

तात्या_स्लिप
घेतला, आणि त्याच वर्षी ०.२०९ मारले तेही सांगा. म्हणून तर म्हणतो, पाय.

खडूस_कोथरूड
तात्या, तुमचा पाय आणि आमचं डोकं.

शमा_पार्सिपनी
मी बेसबॉल बघत नाही, पण ब्रिजवॉटरचं मैदान म्हणजे ते रेल्वे स्टेशनला लागून आहे तेच ना? आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. शाकाहारी लोकांसाठी सांगते, आधी बालाजी मंदिरात जा, त्याच गावात आहे. कँटीनमध्ये डोसा खा आणि मग सामन्याला जा. मैदानावर नाचोजशिवाय काही मिळालं नाही आम्हाला. मुलं मात्र आउट झालं तरी टाळ्या वाजवत होती.

ब्रिजवॉटरकर
शमाताई, शनिवारी संध्याकाळी कँटीनला एवढी गर्दी असते की पहिल्या दोन इनिंग तिथेच संपतात. दुपारी जा.

बाकी मंडळी, ड्राफ्ट झाला. माझ्या आधीच्याच माणसाने किल्बी उचलला (त्याला दोन वर्षांचा नियम माहीत नाही बहुतेक, मी काही बोललो नाही). लोम्बार्ड घेतला. एप्रिलमध्ये तात्यांनी सांगितलंय तसा तिसऱ्या बेसच्या बाजूला बसतो. तोवर तो स्क्रँटनला, म्हणजे ट्रिपल-एला, गेला नसेल तर.

तात्या_स्लिप
सराव चालू व्हायच्या आत पोचा. आणि टाचांकडे बघा.

आजोबा_एडिसन
मी पण येऊ का? गाडी मी चालवतो. डोसा तुमचा.