एकच बघायचा असेल तर : लाडका विनोदी सिनेमा की नावाजलेला युद्धपट?

विनोदी सिनेमाची पारायणं होतात आणि युद्धपट 'बघायचाय' म्हणत वर्षानुवर्षं राहून जातो, असं माझं तरी झालंय. हाताशी एकच रात्र आणि समोर दोन्ही सिनेमे, अशी वेळ तुमच्यावर आली असेल तर काय निवडलंत, त्याचं पुढे काय झालं, ते इथे जरूर लिहा. सुरुवात मी करते.

बाबांचं शेवटचं आजारपण. फार वेळ बसवत नव्हतं त्यांना. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' बघायचा राहिलाय असं ते कधीचे म्हणत होते, म्हणून भावाने तो मुद्दाम मिळवून आणला. आयत्या वेळी बाबा म्हणाले, "नको रे, आपला नेहमीचाच लाव." नेहमीचा म्हणजे आम्ही लहान असल्यापासून घरात लागत आलेला विनोदी सिनेमा. त्या रात्री मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त बघत होते. आवाज पार गेलेला, पण ओठ नटाच्या किंचित आधी हलत होते. एका प्रसंगात नट बोलता बोलता थांबतो. तिथे बाबाही थांबले आणि चादरीवरचं बोट उचलून मला खूण केली, 'आता बघ.'

त्यांच्यामागे मी तो युद्धपट तीनदा लावला. सुरुवातीलाच एक म्हातारा सैनिकांच्या दफनभूमीत चालत येतो, मागून त्याचं कुटुंब. ती मागची माणसं दिसली की माझ्याने पुढे बघवत नाही.

~

तोच सिनेमा, पण आमच्याकडे उलटं घडलं. माझे यजमान सैन्यातून निवृत्त झालेले. नातेवाईक जमले होते आणि सगळ्यांनी त्यांच्या मानाखातर युद्धपटच लावायचा ठरवला. त्यांना काय बघायचंय हे कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही. दुसऱ्या महायुद्धातलं, ६ जून १९४४ चं फ्रान्सच्या ओमाहा किनाऱ्यावरचं अमेरिकी सैन्याचं उतरणं त्यात वीस मिनिटांहून जास्त वेळ चालतं. गोळ्या पाण्यात शिरतात तो आवाज सुरू झाला आणि हे उठून आत गेले. मी मागोमाग गेले तर नळ पूर्ण सोडलेला, हात धारेखाली, आणि नजर भिंतीवर. बाहेर सगळे "काय घेतलंय!" म्हणत होते. १९९८ साली तो अमेरिकेत लागला तेव्हा तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने त्यांच्यासाठी खास फोनसेवा ठेवली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्यांना हसायचं असतं हो. निखळ हसायचं असतं.

~

आमच्या फिल्म सोसायटीत एकदा 'पॅटन' हा युद्धपट की 'मॅश' हा विनोदी सिनेमा, यावर मत घेतलं. दोन्ही १९७० चे. 'पॅटन'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट सात ऑस्कर, 'मॅश'ला पटकथेचं एक; पण फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार 'मॅश'ला. मी हात 'मॅश'साठी वर केला आणि आजही करेन. कोरियन युद्धातल्या तंबूत डॉक्टर रक्ताने माखलेले, आणि तोंडाने एकमेकांची खेचताहेत. युद्धाबद्दल मला जे कळलं ते त्या तंबूत कळलं. हरलो मात्र. 'पॅटन' लागला, आणि झेंड्यापुढचं जनरल पॅटनचं सुरुवातीचं भाषण मोठ्या पडद्यावर बघणं हा अनुभवच होता, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

~

वरचे सगळे विनोदी सिनेमाच्या बाजूचे दिसतात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मुलगा सतरा वर्षांचा, दिवसभर युद्धाचे गेम खेळणारा. सुट्टीच्या रात्री त्याला आमचा दोघांचा आवडता विनोदी सिनेमा हवा होता. मी हट्टाने 'कम अँड सी' लावला. एलेम क्लिमोवचा, १९८५ चा. बेलारूसमधला एक पोरगा हौसेने बंदूक उचलून जातो, आणि सिनेमा संपेपर्यंत त्याचा चेहरा म्हाताऱ्याचा होतो. तिथली ६२८ गावं माणसांसकट जाळली गेली, अशी ओळ शेवटी येते. मुलगा काहीही न बोलता झोपायला गेला. मला रात्रभर वाटत राहिलं, चुकलंच आपलं.

सकाळी दात घासता घासता त्याने विचारलं, "त्या पोराने शेवटी फोटोतल्या बाळावर गोळी का नाही झाडली?" हिटलरच्या तसबिरीवर तो गोळ्या झाडत जातो, चित्रं उलटी मागे सरकत जातात, आणि आईच्या मांडीवरचा तान्हा हिटलर आला की थांबतो. त्यावर आम्ही तासभर बोललो. गेम त्याने सोडले नाहीत, पण इतका वेळ तो माझ्याशी आधी कधी बोलला होता ते आठवत नाही.

~

आमचं एकमत झालंच नाही, म्हणून दोन तिकिटं काढली, शेजारशेजारच्या पडद्यांची. हे युद्धपटाला, मी विनोदीला. त्यांच्याकडच्या तोफा भिंतीतून आमच्या खुर्च्यांपर्यंत पोचत होत्या. एका ऐन विनोदाच्या जागी मोठा धमाका झाला, सगळे हसले, मीही हसले. आणि लगेच मनात आलं, पलीकडे आत्ता ते काय बघत असतील. माझा आधी संपला. दाराशी थांबले. ते बाहेर आले, डोळे लाल. काही न बोलता माझी पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली, आणि घर येईपर्यंत सोडली नाही.