‘दारू प्यायलेल्यांनाच तबकड्या दिसतात’? साफ चूक!

नौपाडाकर: काल इथे एकाने ठोकून दिलं, "उडत्या तबकड्या अडाण्यांना आणि दारू प्यायलेल्यांनाच दिसतात. विषय संपला." नाही संपला.

सप्टेंबर १९७६, तेहरान. आकाशात विचित्र प्रकाश दिसतोय असे लोकांचे फोन आले म्हणून इराणी हवाई दलाने फँटम हे लढाऊ विमान पाठवलं. जवळ जाताच त्याचा रेडिओ आणि उपकरणं बंद, मागे वळल्यावर पुन्हा सुरू. दुसरं पाठवलं, तर क्षेपणास्त्र सोडायच्या क्षणी शस्त्रांचं पॅनेलच गेलं, असं वैमानिकाचं म्हणणं. हे लोक अडाणी? अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या तबकड्यांच्या तपासाच्या प्रकल्पात १२,६१८ नोंदी होत्या. १९६९ साली तो बंद झाला तेव्हा ७०१ अनुत्तरितच होत्या. परग्रहवासी आले असं मी म्हणत नाही. पण तुम्ही हसलात की पुढचा वैमानिक तोंड उघडत नाही.

कळवा_पूर्व: अनुत्तरित म्हणजे गूढ नव्हे, बऱ्याचदा माहितीच अपुरी असते. तेहरानचं अर्धंच सांगितलंत. वैमानिकांनी गुरू ग्रह पाहिला असावा आणि विमानात बिघाड होता, असं तबकड्यांचे दावे तपासणारे पत्रकार फिलिप क्लास यांनी मांडलंय. घरचं उदाहरण घ्या. २०१२ साली लडाखमध्ये जवानांनी महिनोन्‌महिने आकाशातले प्रकाशगोल नोंदवले, चिनी ड्रोनचा संशय होता. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्सने तपासलं, तर गुरू आणि शुक्र! तेही प्रशिक्षितच होते ना?

नौपाडाकर: अहो, हे तर माझ्याच बाजूचं झालं! नोंदवलं म्हणून शास्त्रज्ञांपर्यंत गेलं आणि उत्तर मिळालं.

खारघर_ताई: आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी लुकलुकता दिवा टाकतं. समोरून येणाऱ्या विमानाचा लँडिंग लाइट बराच वेळ एकाच जागी असल्यासारखा दिसतो, हेही माहीत नसतं. कसं असणार? आभाळ बघायला गच्ची लागते आणि गच्चीला कुलूप! मुलाला शनी दाखवायला किल्ली मागितली, तर सेक्रेटरी म्हणाले, "लेखी कारण द्या."

घोडबंदर_कमिटी: कुलूप लागतं ते उगाच नाही. आमच्याकडे पोरं पाण्याच्या टाकीवर चढली, झाकण उघडं टाकून गेली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या विंगला टँकर. कोणी पडलं तर जबाबदार कमिटीच.

खारघर_ताई: मग टाकीच्या झाकणाला कुलूप लावा ना! मेंटेनन्स आम्हीही भरतो. गच्ची सगळ्यांची आहे, कमिटीच्या तीर्थरूपांची नाही.

घोडबंदर_कमिटी: बापावर जाऊ नका. एक वर्ष सेक्रेटरी होऊन दाखवा, मग बोला.

खारघर_ताई: होते की! फॉर्म भरायला गेले तर मुदत संपली म्हणाले. नोटीस बोर्डावर मुदत लावलीच नव्हती.

रडारवाले_काका: भांडण बाजूला ठेवा, मुलांनो. मी हवाई दलात रडारवर होतो. एका रात्री पडद्यावर ठिपका आला, थांबला, एकदम सरकला आणि गेला. मी लॉगमध्ये वेळ आणि दिशा लिहिली. सकाळी वरिष्ठ म्हणाले, "हे कशाला लिहिलंस? आता सगळ्यांना उत्तरं देत बसावं लागेल." पुढच्या वेळी मी पेन उचललं नाही. उष्ण हवेच्या थरामुळे असे खोटे ठिपके उमटतात, मला ठाऊक आहे. जुलै १९५२ मध्ये वॉशिंग्टनच्या रडारवर दिसलेल्यांचं हेच स्पष्टीकरण अमेरिकी हवाई दलाने दिलं. माझाही तसाच असेल. पण नोंदच नसेल तर कोण तपासणार?

कळवा_पूर्व: काका, तुमच्या अनुभवाचा मान राखतो, पण एकाच्या आठवणीवरून सिद्धांत होत नाही. नोंद ठेवावी, इतपत मान्य. त्या ७०१ चं ढोल बडवणं मान्य नाही.

नौपाडाकर: इतपतच मागत होतो. काल "विषय संपला" म्हणणारे आज कुठे आहेत?

घोडबंदर_कमिटी: ताई, गच्चीचा विषय सर्वसाधारण सभेत मांडा. लेखी अर्ज लागेल.

खारघर_ताई: दिलाय. पोच मागितली तर शिक्का सापडत नाही म्हणतात.