फायर अलार्मच्या झोन ३ चा फॉल्ट जातच नाही, पॅनल बदलावं का?

प्रश्न (सोसायटी कमिटी, ठाणे)
आमची स्टिल्ट आणि वर ७ मजले अशी बिल्डिंग आहे, ८ झोनचं (झोन म्हणजे एका लाइनवरच्या डिटेक्टरांचा भाग) साधं कन्व्हेन्शनल फायर अलार्म पॅनल मागच्या वर्षी बसवलं. पाऊस सुरू झाल्यापासून झोन ३ चा पिवळा फॉल्ट दिवा लागतो, दुपारी ऊन पडलं की जातो, रात्री परत येतो. बझरला कंटाळून वॉचमनने झोनच डिसेबल करून ठेवलाय, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर आज आग लागली तर पॅनल गप्पच राहणार. ठेकेदार म्हणतो पॅनल बदला. जुलैचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) पण द्यायचाय, काय करू?

वायरिंगवाला
दादा, पॅनल बदलायची घाई करू नका. झोन ३ च्या दोन्ही वायरी टर्मिनलवरून काढा आणि तिथेच ईओएल रेझिस्टर (एंड ऑफ लाइन, म्हणजे लाइनच्या शेवटी लावायचा रेझिस्टर) लावून रीसेट करा (व्हॅल्यू मॅन्युअलमध्ये बघा, कुठे ४.७ के असतो, कुठे ६.८ के, कुठे १० के). फॉल्ट गेला तर पॅनल ठीक आहे, दोष बाहेर आहे. मग तो रेझिस्टर काढून वायरी परत जोडा, लाइनच्या मधल्या डिटेक्टरच्या (धूर ओळखणाऱ्या डबीच्या) बेसवर पुढची वायर सोडवा आणि तिथे रेझिस्टर लावा, तिथपर्यंत नॉर्मल आलं तर दोष त्याच्या पुढे. असं अर्धं अर्धं करत गेलात की जागा सापडते. पावसात येतो-जातो म्हणजे बहुतेक डक्टमधल्या जंक्शन बॉक्सात पाणी नाहीतर गंजलेला जॉइंट. नुसता पिळून टेप गुंडाळलेला जॉइंट दिसला की तो काढा आणि नीट कनेक्टर टाका.

मेंटेनन्स १५ वर्षं
वरचं बरोबर, पण बाकीचे ७ झोन पण तपासा. मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय, रेझिस्टर शेवटच्या डिटेक्टरवर न लावता पॅनलमध्येच लावून मोकळे होतात, मग बाहेर वायर तुटली तरी हिरवा दिवा लागलेलाच. प्रत्येक झोनमधला एकेक डिटेक्टर बेसवरून फिरवून काढा, फॉल्ट यायलाच पाहिजे. नाही आला तर रेझिस्टर चुकीच्या जागी आहे किंवा मधूनच टी मारून (फाटा काढून) लाइन नेलीय. हे झाल्याशिवाय लायसन्सवाल्या एजन्सीकडून फॉर्म बी वर सही घेऊ नका, जानेवारी-जुलैचा तो कागद सिस्टीम चालू आहे हे सांगायला असतो.
आणि मेन्स बंद करून हूटर वाजवून बघा. आतल्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, त्या मेल्या असतील तर लाइट गेली की पॅनल पण गेलं.

नाइट शिफ्ट सुपरवायझर
वॉचमनला एवढं शिकवा: फायर दिवा लागला की आधी झोन बघायचा, जागेवर जायचं, मगच रीसेट. कन्व्हेन्शनल पॅनल फक्त झोन सांगतं, कुठला डिटेक्टर लागला ते त्याच्या स्वतःच्या लाल दिव्यावरूनच कळतं आणि रीसेट केलं की तो दिवा पण विझतो. धूर खरा होता की नुसती धूळ, ते मग शोधत बसा.

प्रश्नकर्ता
रेझिस्टर पॅनलवर लावून बघितला, फॉल्ट गेला! आता रविवारी डक्ट उघडतो. तिसऱ्या मजल्याचं काच फोडायचं बटण पण याच झोनवर असेल का?

वायरिंगवाला
बहुतेक असणार, लाइन त्यावरूनच गेलेली असते. तसं असेल तर झोन डिसेबल आहे तोवर ते बटणही बंद आहे. आजच मजल्यावरच्या सगळ्यांना सांगा, आणि रात्री वॉचमनची फेरी तिथे जास्त ठेवा.