सुंतेवर वाद घालताना ‘कापले किती?’ हे कोणी विचारते का?

धागालेखक :
सुंतेच्या चर्चेत एकीकडे स्वच्छता आणि रोगप्रतिबंध, तर दुसरीकडे संवेदना हरपल्याची तक्रार असते. सुंता झाली की सर्वांचे शिश्न सारखेच होते, हे मात्र दोन्ही पक्ष गृहीत धरतात आणि मला ते मान्य नाही. सुंतेत कापतात त्या अग्रत्वचेला, म्हणजे शिश्नाच्या टोकावरील त्वचेला, दोन थर असतात. बाहेरचा शिश्नदंडावरील कातडीसारखा, तर आतला नाजूक, ओलसर आणि ओठांच्या आतल्या बाजूसारखा. यांपैकी कोणता थर किती काढला, यावर व्रणाची रेषा मुंडालगत, म्हणजे शिश्नाच्या टोकालगत, येणार की मागे दंडावर, हे ठरते. रेषा मागे असेल तर तिच्यापुढे आतल्या थराचा पट्टा शिल्लक राहतो आणि त्याचा रंग मागच्या त्वचेहून बरेचदा वेगळा दिसतो. त्वचा सैल ठेवली तर ताठरता नसताना ती मुंडाच्या कडेवर येऊन बसते. फार ताणून कापली तर ताठरतेच्या वेळी ओढ बसते आणि अंडकोशावरची केसाळ त्वचाही दंडावर ओढली जाते. मुंडाच्या खालच्या अंगाला अग्रत्वचा जोडून ठेवणारा बंध, म्हणजे फ्रेन्युलम, कोणी शल्यविशारद राखतो, कोणी काढून टाकतो. अनेक पुरुषांना नेमकी तीच जागा सर्वांत संवेदनशील वाटते. तेव्हा ‘सुंतेने सुख कमी होते का’ असे विचारणाऱ्याने आधी कोणती सुंता ते सांगावे.

प्रतिसाद १ :
वर्णन अचूक आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथे प्रौढ पुरुषांवर सुंतेच्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत शस्त्रक्रियेची पद्धत सर्वत्र एक नव्हती. युगांडात वापरलेली पद्धत इतर दोन ठिकाणांहून वेगळी होती. तरीही स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या एचआयव्ही संसर्गाचा धोका तिन्हीकडे सुमारे ५० ते ६० टक्क्यांनी घटला आणि त्याच आधारावर जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सुंतेची शिफारस केली. केनिया आणि युगांडातील पुरुषांच्या लैंगिक समाधानातही उल्लेखनीय घट आढळली नाही. व्रणाची रेषा दोन बोटे पुढेमागे झाल्याने यात काय बिघडते?

धागालेखक :
संसर्गाच्या बाबतीत काही बिघडत नाही, हे मान्य. मात्र सरासरी समाधान टिकले म्हणून ज्याची त्वचा जास्त कापली गेली त्याची तक्रार खोटी ठरत नाही; ती सरासरीत दिसतच नाही, एवढेच.

प्रतिसाद २ :
आपण दोघेही प्रौढांविषयी बोलत आहात, जे विचारून, समजून टेबलावर झोपतात. नवजात बालकाची अग्रत्वचा मुंडाला चिकटलेली असते आणि ती सुटी होण्याची नैसर्गिक क्रिया पुढे कित्येक वर्षे चालते. शस्त्रक्रियेसाठी ती आधी सोडवावी लागते आणि पुढे वाढणाऱ्या अवयवाला किती त्वचा लागेल, याचा तेव्हा अंदाजच बांधावा लागतो. व्रण आणि मुंड यांच्यात त्वचेचे पूल तयार होणे, मूत्रद्वार अरुंद होणे, हे त्यानंतरचे परिचित दोष आहेत. कोलोनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये वैद्यकीय कारणाविना केलेली बालकाची सुंता ही शारीरिक इजा ठरवली. जर्मन संसदेने त्याच वर्षी कायदा करून पालकांना सशर्त मुभा दिली, ही राजकीय तडजोड होती. ज्याचे शरीर आहे तो मोठा होईपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

प्रतिसाद ३ :
थांबण्याचा आग्रह सरसकट नको. अग्रत्वचा मागे सरकत नसेल तर आधी काही आठवडे स्टेरॉइड मलम लावून पाहावे, बहुतेक मुलांना तेवढे पुरते. पण लायकेन स्क्लेरोसस या विकारात त्वचा पांढरी, कडक होऊन आवळत जाते आणि मूत्रद्वारापर्यंतही पोहोचू शकते; तिथे मुलगा सज्ञान होण्याची वाट पाहणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय. उलट, मूत्रद्वार जन्मतः खालच्या बाजूस असलेल्या बाळाची सुंता करूच नये, कारण दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत तीच त्वचा कामी येते. आणि प्रतिसाद १ मधील ‘दोन बोटे’ हे माप शिश्नावर किती मोठे होते, याचा विचार लिहिताना केलेला दिसत नाही.