जंगलाच्या गेममध्ये आकडे पाहून चालावं की खुणा धरून?

पांदणरस्ता:
सुट्या लागल्या की आपल्या गावांतली पोरं दोन गेमकडे वळतात. ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे तो 'ग्रीन हेल'कडे आणि बाकीचे मोबाइलवर माइनक्राफ्टकडे. दोन्हींत जंगल आहे, दोन्हींत वाट चुकते आणि दोन्हींत आपण कुठे उभे आहोत ते सांगणारे आकडे मिळतात. माझं मत असं की शिकणाऱ्याने सुरुवातीला हे आकडे पाहूच नयेत.

आकडा ठिकाण सांगतो, तिथवरची वाट सांगत नाही. 'ग्रीन हेल'चं जंगल ॲमेझॉनचं आहे. आकडा जुळवायला नाकासमोर चालत सुटलं की मधे कडा येतो, नाहीतर दाट झुडूप. शिवाय हे आकडे दाखवणारं मनगटी घड्याळ बघायला हात वर केला की पायाखालचं सुटतं. खुळखुळ्या सापाचा आवाज आधी येतो, पण लक्ष घड्याळात असेल तर तो ऐकून उपयोग होत नाही. चावला की विष, मग ताप, मग तंबाखूचं पान शोधत फिरा, कारण त्या जखमेला तंबाखूच्याच पानाची पट्टी लागते.

त्यापेक्षा निवारा पाण्याजवळ बांधावा. पाणी उजव्या हाताला ठेवून निघावं आणि तेच पाणी डाव्या हाताला ठेवून परत यावं. प्रत्येक वळणावर थांबून मागे वळून पाहावं. जाताना दिसलेली वाट आणि येतानाची वाट एकसारखी दिसत नाही, आणि बहुतेक जण हरवतात ते परतीच्या वाटेवर.

सिपनाकाठ:
पूर्ण असहमत. 'ग्रीन हेल'मधलं घड्याळ त्या माणसाच्या मनगटावर आहे, ते वापरणं म्हणजे फसवणूक नव्हे. त्यातला नकाशा तुम्ही कुठे आहात ते दाखवत नाही. घड्याळातले पश्चिम आणि दक्षिण हे दोन आकडे वाचायचे, नकाशाच्या उभ्या-आडव्या रेघांवर ते शोधायचे आणि स्वतःची जागा स्वतः ठरवायची. हेच तर वाट शोधणं आहे.

पोरं चुकतात ती आकडे पाहिल्यामुळे नाही, उलटे वाचल्यामुळे. शाळेतल्या आलेखावर उजवीकडे गेलं की संख्या वाढते. इथे पश्चिमेचा आकडा डावीकडे जाताना वाढतो आणि दक्षिणेचा खाली जाताना. माइनक्राफ्टमध्येही गडबड तीच. एक्स पूर्वेकडे वाढतो, झेड दक्षिणेकडे वाढतो आणि वाय म्हणजे उंची. उत्तरेला चाललं की झेड कमी होतो, हे कोणी सांगत नाही.

एक उदाहरण घ्या. घर एक्स १२०, झेड उणे ३४० वर आहे. तुम्ही एक्स ४२०, झेड उणे १०० वर आहात. एक्स ३०० ने कमी करायचा म्हणजे ३०० ठोकळे पश्चिमेला (माइनक्राफ्टमध्ये अंतर ठोकळ्यांत मोजतात). झेड २४० ने कमी करायचा म्हणजे २४० ठोकळे उत्तरेला. साधी चाल सेकंदाला सुमारे ४.३ ठोकळ्यांची, म्हणजे मोकळ्या रानात आधी एक बाजू मग दुसरी असं चाललं तरी दोन मिनिटांच्या थोडं वर. जंगलात वेळ जास्त लागतो, पण किती दूर आहोत याचा अंदाज आधी येतो.

आणि मेल्यावर काय? सांडलेलं सामान ५ मिनिटांत नाहीसं होतं. खुणा आठवत बसाल की मेलात त्या जागेचा आकडा पाहून सरळ जाल? एक दिलासा आहे: तुम्ही त्या भागापासून दूर असाल तोवर ती ५ मिनिटं पुढे सरकत नाहीत. पण जवळ पोचलात की मोजणी चालू, तेव्हा शोधाशोध परवडत नाही.

झाडीपट्टीवाला:
पांदणरस्ता भाऊ, पाण्याचं तुमचं म्हणणं 'ग्रीन हेल'पुरतं खरं, माइनक्राफ्टले ते लागू नाही. मेळघाटात सिपना धरा, गडगा धरा, खंडू धरा, पाणी शेवटी तापीकडेच नेते. माइनक्राफ्टच्या नदीले वाहणंच नाही. तिचं पाणी सगळीकडे ६२ च्या उंचीवर, थांबलेलं. वर कोणतं आणि खाल कोणतं ते ठरवणार कशावरून? पोरगं नदी धरून निघते अन् समुद्रावर पोचते, नाहीतर फिरून तिथंच.

दुसरं, आपल्या जंगलाची सवय इथं नडते. आपला साग उन्हाळ्यात पान टाकते, मंग एप्रिल-मे मध्ये टेकडी दुरून दिसते. ॲमेझॉनच्या जंगलात वर्षभर पान. चार झाडांपलीकडचं दिसत नाही. 'मोठ्या झाडापासून डावीकडे' अशी खूण तिथं धरली तर तसली मोठी झाडं शंभर निघतात. खूण तीच, जी पुन्हा सापडत नाही: धबधबा, गुहेचं तोंड, कड्याची तुटलेली कड. ती नसंल तर आपण बनवावी.

पांदणरस्ता:
नदी वाहत नसली तरी ती एक लांब रेघ आहे आणि मला तेवढंच हवं. घर नदीकाठी आहे असं धरा. परतताना घराच्या दिशेने चालूच नका, मुद्दाम ५० ठोकळे पूर्वेकडे नेम धरा. नदी लागली की घर पश्चिमेलाच असणार, वळा आणि काठाने चला. नेम थेट घरावर धरलात आणि थोडा हुकला, तर नदीवर उभं राहून डावीकडे वळावं की उजवीकडे हे कळत नाही. तिथेच संध्याकाळ होते. यात एकही आकडा पाहावा लागत नाही, सूर्य पुरतो, कारण माइनक्राफ्टमध्येही तो पूर्वेलाच उगवतो. ढग नेहमी पश्चिमेकडे सरकतात. पानांमुळे आकाश दिसत नसेल तर वेलीवरून वर चढा.

पऱ्हाटी:
तुम्ही दोघं भांडताय त्यात खुणा बनवण्याचा मुद्दा राहून जातो. एक कोळसा आणि एक काडी मिळून ४ मशाली होतात. कोळसा नसेल तर भट्टीत ओंडका जाळून लोणारी कोळसा करा, तोही चालतो. जाताना मशाल कायम उजव्या हाताच्या खोडावर, म्हणजे येताना ती डावीकडे दिसली पाहिजे. उजवीकडे दिसली तर तुम्ही घरापासून दूर चाललात. फाट्यावर दोन लावा, घराकडच्या फाट्यात. दाट जंगलात पानं मशाल झाकतात, म्हणून एका मशालीपासून पुढची दिसेल एवढंच अंतर ठेवा. दोन मशालींत अंदाज घ्यावा लागला तर रांग तुटली समजा.

घरासाठी धूर सगळ्यात चांगला. शेकोटीला ३ काड्या, १ कोळसा, ३ ओंडके लागतात. नुसत्या शेकोटीचा धूर १० ठोकळ्यांच्या आसपास विरतो. खाली गवताचा भारा ठेवला (९ गहू) तर २४ पर्यंत जातो. जंगलातली जाड झाडं मात्र ३० ठोकळ्यांपर्यंत वाढतात, म्हणून जमिनीवरची शेकोटी दुरून दिसत नाही. दगडाचा खांब शेंड्यांच्या वर काढा आणि त्यावर पेटवा.

होकायंत्राबद्दल गैरसमज फार आहे. ४ लोखंडी विटा आणि १ रेडस्टोन (खाणीत मिळणारी लाल भुकटी) घालून पोरं ते बनवतात आणि काटा उत्तरेला आहे समजून चालतात. काटा उत्तर दाखवत नाही, जग सुरू झालं ती जागा दाखवतो. पलंग, म्हणजे मेल्यावर पुन्हा जिथे उठतो ती जागा, दुसरीकडे टाकला तरी काटा बदलत नाही. घर सुरुवातीच्या जागेपासून लांब असेल तर तो तुम्हाला घरी नेणारच नाही. त्यापेक्षा तेच होकायंत्र ८ कागदांत ठेवून नकाशा करा, त्यात उत्तर नेहमी वर असते. मोबाइलवर नुसत्या ९ कागदांचाही नकाशा होतो, पण त्यात तुमची जागा दिसत नाही, कागद वाया जातात. आणि पहिला नकाशा १२८ बाय १२८ ठोकळ्यांचाच असतो आणि तो तुमच्याभोवती मधोमध उघडत नाही. कडेजवळ उघडलात तर दहा पावलांत बाहेर पडाल, तेव्हा उघडून आधी आपली खूण कुठे आहे ते बघा.

मोहफूल:
एकटं खेळताना पांदणरस्ता म्हणतात ते मला पटतं. पण गावात एका फोनच्या हॉटस्पॉटवर तिघं-चौघं मिळून खेळतात. 'वेलीच्या झाडापाशी ये' म्हटलं की तिघं तीन झाडांपाशी उभे. आकडा सांगितला की सगळे एकाच जागी. मिळून खेळताना आकडे बंद ठेवणं म्हणजे बाकीच्यांचा वेळ घालवणं.

'ग्रीन हेल'वाल्यांसाठी अजून एक, आणि ही आपल्या भागाची अडचण आहे. त्यात गेम जतन होतो तो निवाऱ्यापाशीच. लाईट केव्हा जाईल याचा भरवसा नाही, इन्व्हर्टर सगळ्यांकडे नाही. लांब फेरी मारून वाट शोधण्यात रमलात आणि लाईट गेली की सगळी फेरी गेली. म्हणून मोठी फेरी एकच न करता वाटेत छोटे निवारे बांधत जा, प्रत्येकाचा आकडा वहीत लिहा. वहीतला आकडा लाईट गेल्यावरही राहतो.

पांदणरस्ता:
मिळून खेळण्याचं मान्य. एकट्याने शिकताना मात्र वहीत आकड्याआधी वाट लिहावी: 'धबधब्यापासून काठाने खाली, दुसऱ्या ओढ्याला वर'. आकडा त्याच्या पुढे. उलट केलं की वाट लिहायची राहूनच जाते.

सिपनाकाठ:
वाट आधी लिहा, चालेल. पण आकडा चालू ठेवून लिहा, नाहीतर दुसऱ्या ओढ्याऐवजी तिसऱ्यात शिरलात हे कळणार कधी? आणि मोबाइलवर आकडे चालू केल्याने अचिव्हमेंट (खेळातल्या कामगिरीची बक्षिसं) बंद होतात ही भीती निराधार आहे. त्या बंद होतात चीट्स (नियमांना बगल देणाऱ्या आज्ञा) चालू केल्यावर. जगाच्या सेटिंगमध्ये दोन्ही बटणं वेगवेगळी आहेत, दाबण्याआधी नाव नीट वाचा.