मुलांनी मेन रोडवर सायकल न्यायची की नाही?

सेक्रेटरी: काल सोसायटीच्या गेटबाहेर सी-५०२ च्या आर्याला रिक्षाचा धक्का लागला. खरचटण्यावर निभावलं. मुलांना मेन रोडवर सायकल बंद करावी, असं कमिटीत काहींचं म्हणणं आहे. मतं सांगा.

बी-१०४: बंदच करा. कर्वे रोडवर सायकल म्हणजे जिवाशी खेळ. रोड टॅक्स आम्ही भरायचा आणि रस्ता यांनी अडवायचा!

ए-३०३: काका, रोड टॅक्स राज्य सरकारकडे जातो. पुणे शहरातले रस्ते पालिका करते, त्यात सगळ्यांचा मिळकतकर असतो. सायकलला बंदी एक्सप्रेसवेवर आहे, कर्वे रोडवर नाही.

बी-१०४: मग सायकल ट्रॅक कशाला केलेत? तिथून जा.

ए-३०३: जाऊन बघा एकदा. २००६ च्या बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या वेगळ्या लेनबरोबर, सातारा रोडला ट्रॅक आले, २०१७ मध्ये पालिकेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर झकास. प्रत्यक्षात ट्रॅकवर आधी विजेचा डीपी बॉक्स, मग भुर्जीची गाडी, मग सिग्नल टाळायला ट्रॅकवर चढलेल्या बाइक. पोलिसांच्या परवानगीशिवाय ट्रॅकवर मोटारवाहन नेता येत नाही, हा नियम आहे बरं का. आणि चौक आला की ट्रॅकच गायब. जिथे खरी गरज, नेमका तिथे.

डी-२०१: आपले वॉचमनकाका रोज धायरीहून सायकलनेच येतात. त्यांनाही बंदी का? 🙄

बी-१०४: वहिनी, विषय मुलांचा चाललाय.

सी-५०२: आर्या अगदी कडेने चालली होती हो. उभ्या कारचं दार अचानक उघडलं, ती उजवीकडे वळली आणि मागून रिक्षा.

ए-३०३: ताई, कडेला चिकटून जाण्यातच धोका आहे. उभ्या गाड्यांपासून दार उघडेल एवढं अंतर सोडून सरळ रेषेत चालवायला शिकवा तिला. मागचे हॉर्न मारतील, मारू देत. उलट्या दिशेने घुसणाऱ्या सायकलवाल्यांची बाजू मात्र मी घेणार नाही. त्यांना दंड केला तरी चालेल.

डी-२०१: पण गेटजवळ त्या गाड्या असतात कोणाच्या? आपल्याच ना!

सेक्रेटरी: मुद्दा बरोबर आहे. सायकलबंदी नको. गेटच्या दोन्ही बाजूंना पार्किंग बंद, हा विषय रविवारच्या मीटिंगला घेतो.

बी-१०४: अहो, मग पाहुण्यांनी गाड्या लावायच्या कुठे?