अनुभव धागा : बॅटरी उतरलेल्या मोटारीचे दार आपण कसे उघडले?

धागाकर्ता : मोटार बराच काळ उभी राहून बॅटरी पूर्ण उतरली की बटणावर उघडणारे दार प्रतिसाद देत नाही. अशा वेळी आपण नेमके काय केले, ते कृपया सविस्तर लिहावे. रिमोटमधला सेल संपणे ही निराळी अडचण आहे; अनेक गाड्यांत तो रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवला तरी काम भागते. येथे विषय गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा आहे.

घाटवाट (पुणे) : रिमोटमध्ये दडलेली पोलादी किल्ली कळ दाबून बाहेर काढली, परंतु दारावर तिच्यासाठी छिद्रच दिसेना. आमच्या गाडीत ते चालकाच्या दाराच्या मुठीशेजारी, गाडीच्याच रंगाच्या टोपणाखाली आहे. मूठ ओढून धरावी आणि टोपणाच्या खालच्या खाचेत किल्लीचे टोक घालून वर रेटावे, म्हणजे ते निघते. ही माहिती मोबाइलवर शोधावी लागली, कारण छापील पुस्तिका अर्थातच बंद गाडीत होती.

नारळीपोफळी (रत्नागिरी) : आमच्याकडे किल्ली छिद्रात गेली, पण फिरेना. रिमोटच्या सवयीमुळे कित्येक वर्षे न वापरलेले कुलूप खाऱ्या, दमट हवेत आतून गंजले होते, आणि जोर लावल्यास बारीक किल्ली मोडण्याची भीती होती. चावीवाल्याने दाराच्या फटीत हवेची पिशवी सारून फुगवली व लांब सळईने आतली मूठ ओढली. दार उघडले; मात्र रबरी पट्टी दबली ती कायमची, आणि पुढच्या पावसात तेथूनच पाणी झिरपू लागले. नवीन कुलपात आता अधूनमधून ग्रॅफाइटची पूड घालतो. तेल घातल्यास त्यावर धूळ बसून चिकटा होतो.

रातराणी (नागपूर) : दार किल्लीने उघडले. बॉनेटची ओढतार यांत्रिक असल्याने तेही उघडले. पण जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घेण्याच्या जाड तारा) डिकीत, आणि डिकीचे कुलूप निव्वळ विजेवर चालणारे! मागची आसने पाडून रांगत आत गेले, तेव्हा डिकीच्या दाराला आतून एक लहान झडप सापडली. तिच्यामागचा खटका स्क्रूड्रायव्हरने सरकवला. पुढे लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांना लावली, काळी शेजाऱ्यांच्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे दुसरे टोक शेवटी आमच्या इंजिनाच्या उघड्या धातूला. बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असू शकतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्यापासून दूर पडलेली बरी.

दूरदेशी (कॅलिफोर्निया) : माझ्या विद्युत मोटारीला किल्लीचे छिद्रच नाही. चाके फिरवणारी मोठी बॅटरी भरलेली असली, तरी दारे १२ व्होल्टच्या वेगळ्या, लहान बॅटरीवर चालतात. समोरच्या बंपरवरचे, टोइंगच्या हुकाचे गोल झाकण काढल्यावर दोन तारा दिसतात. त्यांना बाहेरून १२ व्होल्ट दिले, तेव्हा दारे नव्हे, पण पुढच्या सामानकप्प्याचे झाकण उघडले. त्याखालच्या बॅटरीला वीज जोडल्यानंतरच दारे उघडली.

घाटवाट (पुणे) : एक लिहायचे राहिले. किल्लीने दार उघडून बॅटरीला वीज जोडताच आमच्या गाडीचा चोरीचा भोंगा वाजू लागला. रिमोटवरचे बटण दाबल्यावर तो थांबला, पण तोवर रखवालदार काठी घेऊन तळघरात पोहोचला होता.